ढवळे बंधूंमध्ये वर कोण

"ह्यात माझा फेटा आण्णाच्या बुटाखाली आलाय," तात्या ढवळे म्हणाले आणि त्यांनी फोन काउंटरवर पालथा ठेवला.

थोड्याच वेळापूर्वी मी त्याच काउंटरवर लॅपटॉप उघडला होता आणि दोघे भाऊ त्यात स्वतःला बघून खूश झाले होते. वेबसाइटच्या माथ्यावर दोघांचे पूर्ण उंचीचे फोटो शेजारी शेजारी होते. डोक्याला जरीचा फेटा, अंगात जोधपुरी, पायात चकचकीत बूट. फोटो काढताना आण्णांची उंची कमी पडत होती म्हणून स्टुडिओवाल्याने त्यांच्या पायाखाली पाट दिला होता. मग तात्यांनीही पाट मागितला, तेव्हा दोन्ही पाट काढून टाकले होते. इतकं सगळं सांभाळून मी ते पान केलं होतं. पण फोनच्या अरुंद पडद्यावर अशी दोन माणसं शेजारी मावत नाहीत. ती एकाखाली एक येतात. वर आण्णा आले आणि खाली तात्या. आण्णांचे बूट जिथे संपत होते, तिथेच तात्यांचा तुरा सुरू होत होता.

"तात्या, ते आपोआप होतं," मी म्हटलं. "जागा कमी पडली की एक फोटो खाली सरकतो."

"मग मीच का सरकलो?"

आण्णा खुर्चीला टेकून छताकडे बघत म्हणाले, "शकुंतला, त्याला सांग, थोरला कोण ते इंटरनेटलासुद्धा कळतं."

शकुंतलाकाकी म्हणजे त्यांच्या मधल्या भावाची, माधवरावांची बायको. माधवराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकी आतल्या बाजूला गादीवर बसून फेट्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्यांनी ऐकलंय."

हे दोघे भाऊ एकाच दुकानात, एकाच काउंटरमागे बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. कधीतरी एका लग्नात यजमानांनी मानाचा नारळ आधी धाकट्याच्या हातात दिला, तेव्हापासून हे चालू होतं. जे काही बोलायचं ते काकींना उद्देशून, नाहीतर भिंतीकडे बघून. गिऱ्हाइकाला वाटायचं की माणसं फार शांत आहेत.

फलटणच्या पेठेत 'ढवळे बंधू फेटेवाले' हे नाव जुनं होतं. लग्नाला फेटे पुरवायचे, वऱ्हाडाच्या डोक्याला ते बांधून द्यायचे, कार्य उरकलं की परत आणून धुऊन, घड्या घालून ठेवायचे, असा त्यांचा धंदा. मी मात्र त्या पेठेत नवा होतो. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो होतो आणि 'छोट्या व्यावसायिकांसाठी मोबाइलवर नीट दिसणाऱ्या वेबसाइट' असं लिहिलेलं कार्ड वाटत हिंडत होतो. आमचे वडील ते कार्ड उलटसुलट करून म्हणाले होते, "आणि मोबाइलवर वाकडं काय दिसतं?" मला वाटलं होतं, त्यांना धंद्यातलं काही कळत नाही.

ढवळ्यांना वेबसाइट कशासाठी हवी होती, ते मला काकींकडून कळलं. पान करण्याआधी फेट्यांचे फोटो काढायला मी एका दुपारी गेलो होतो. दोघे भाऊ जेवायला गेले होते, वेगवेगळ्या रस्त्यांनी.

"येत्या उन्हाळ्यात अधिक महिना हाय," काकी म्हणाल्या. "लग्नं नसत्यात, हात रिकामे असत्यात. तवा ह्यांचे लोणंदचे मामा यायचेत, वाटणी करायला. मामांनी आता मोठा फोन घेतलाय. म्हणून ह्यांची ही घाई. इंटरनेटवर जो वर दिसंल, त्येला मामा मालक धरतील आन् दुकानाचं नाव त्येच्या वाट्याला जाईल, असं दोघांच्याबी डोक्यात बसलंय."

"आणि तुमच्या वाट्याला?"

"मागची खोली आन् वर्षाचं धान्य. दोघांचं ह्या एका गोष्टीवर एकमत हाय." त्यांचा हात घडीवर थांबला. "हे गेल्यापास्नं मी ह्या गादीवर बसते, शैलेश. खोलीत जाऊन काय करू? धान्य निवडू?"

मला वाईट वाटलं, पण मी वेबसाइटवाला होतो. मी फेट्याचा फोटो काढला.

तेवढ्यात खुंटीला टांगलेल्या कापडी पिशवीतला फोन वाजला. तो दुकानाचा फोन. तो काकींनीच घ्यायचा, असा आण्णांचा नियम होता. गिऱ्हाइकाशी घासाघीस करणं हे कारकुनाचं काम, मालकानं हॅलो म्हटलं की दुकानाचा भाव पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तात्यांचं आण्णांशी कशातच पटत नसे, पण हे पटलं होतं. सिमकार्डसाठी रांगेत उभं राहणंही दोघांना कमीपणाचं वाटलं, म्हणून नंबरही काकींच्याच नावावर होता. काकींनी फोन कानाला लावला आणि त्यांचा आवाजच बदलला. "नमस्कार, ढवळे फेटेवाले. बोला, कुठलं लग्न?" असं त्या इतक्या ऐटीत म्हणाल्या की मी कॅमेरा खाली घेतला.

तर फेटा आणि बूट. त्या तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी मी तात्यांना वर घेतलं आणि आण्णांना खाली. आण्णांनी ते पाहिलं, फोन लांब धरला आणि म्हणाले, "शकुंतला, ह्याला विचार, ह्यानं आपल्याकडनं काम घेतलंय की त्या भडभुंज्याकडनं?" धाकटा भाऊ म्हणजे भडभुंज्या हे मला तेव्हा कळलं.

मग मी दोघांना बारीक करून एका ओळीत बसवलं. तात्या म्हणाले, मुंग्या दिसतात. मग मी दोघांचे छातीपर्यंतचे फोटो कापून लावले, म्हणजे बुटांचा प्रश्नच मिटला. त्यावर आण्णा भिंतीला म्हणाले, "कापलेला फोटो चौकात लावत्यात, खाली भावपूर्ण लिहून." तात्यांनी मान डोलावली. मग मी फोटो आळीपाळीने येतील असं केलं. आधी आण्णा, मग हळूच विरून तात्या, पुन्हा आण्णा. आण्णा स्वतःला विरताना बघून अस्वस्थ झाले. त्यांनी नाडी बघितली आणि काकींना पाणी मागितलं.

माझी पहिलीच वेबसाइट बुडण्याच्या बेतात होती. पेठेत मी कार्ड दिलेले लोक आता मला बघून गालात हसत होते. माझा संताप झाला आणि संतापाच्या भरात मला ती युक्ती सुचली.

मी आण्णांना एकट्याला गाठलं. "तुमचा फोन द्या," म्हटलं. वेबसाइटला एखादा फोन ओळखता यावा म्हणून त्यात एक खूण ठेवता येते. मी ती ठेवली. आण्णांच्या फोनवर वेबसाइट उघडली की आण्णा वर, बूट मोकळ्या हवेत. मग तात्यांना गाठलं आणि त्यांच्या फोनवर तात्या वर. दोघांनाही सांगितलं, "आता बरोबर झालंय. पण दुसऱ्याला बोलू नका, त्याला लागेल."

"त्याला काय लागायचं," दोघेही म्हणाले आणि दोघांच्याही चेहऱ्यावर दया होती.

राहिला प्रश्न बाकीच्या जगाचा. ज्या फोनमध्ये यांच्यापैकी कुणाचीच खूण नाही, त्यावर काय दाखवायचं? मी काकींना विचारलं. त्या खुदकन हसल्या.

"लोकांना फेटे दाखव," म्हणाल्या. "आन् खाली फोन लावायचं बटन दे, चांगलं ठसठशीत. लोकांना फेटा पायजे असतो, ह्यांची तोंडं न्हाईत."

"आणि तुमचं नाव, फोटो?"

"नको. मामांनी बघितलं तर म्हणतील, विधवा बाई मिरवतीय." हे त्या सहज बोलल्या आणि पुन्हा घडीकडे वळल्या.

तुळशीची लग्नं झाली आणि हंगाम सुरू झाला. दोघे भाऊ लग्नमंडपात फेटे बांधता बांधता आपापला फोन काढून लोकांच्या नाकाखाली धरू लागले. आण्णा पुरुषमंडळींच्या बाजूला, तात्या वाजंत्र्यांच्या बाजूला. एकदा बारामतीच्या एका लग्नात मीही हजर होतो. वरपक्षाच्या एका गृहस्थांनी तात्यांच्या सांगण्यावरून स्वतःच्या फोनवर वेबसाइट उघडली आणि म्हणाले, "तात्या, ह्यात नुसते फेटेच हायेत. तुम्ही कुठंयत?"

तात्यांनी त्यांच्या फोनकडे बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं नेट स्लो हाय. मी येतो जरा वेळानं." आणि आपला फोन त्यांच्या हातात दिला. मी मनात म्हटलं, ही युक्ती आता कुणालाच मोडता येणार नाही.

पेठेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. ढवळ्यांच्यात शांतता आहे आणि ती ह्या पोरानं आणली, एवढीच बातमी. सराफांचे तीन मुलगे एकेकटे येऊन भेटले. एक डॉक्टर दांपत्य आलं, तेही वेगवेगळ्या वेळी. एका नगरसेवकाने तर माझी युक्ती ऐकून विचारलं की त्याच्या विरोधकाच्या फोनवरही तोच वर दिसेल असं करता येतं का. मी नाही म्हटल्यावर त्याने निराश होऊन चहा अर्धाच सोडला. माझा धंदा लागला. वडील आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की मुलगा माणसं जोडण्याचं काम करतो.

आणि काकींच्या पिशवीतला फोन दिवसभर वाजत राहिला. फेटे बघायचे, ठसठशीत बटण दाबायचं आणि काकींशी बोलायचं, एवढंच लोकांना करायचं होतं.

अधिक महिना लागला आणि मामा आले. लोणंदकडच्या एका वाडीचे जुने पोलीस पाटील. मिशा पांढऱ्या, सदरा स्वच्छ, बोलणं कमी. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बैठक बसली. मामा खुर्चीवर, भाऊ दोन बाजूंना. काकी मागे गादीच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन. बैठकीत बायकांनी बोलायचं नसतं, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. मला बोलावलं होतं, कारण वेबसाइट कुणाच्या वाट्याला जाणार हेही ठरायचं होतं.

"कपाटं, फेट्यांचे गठ्ठे निम्मेनिम्मे करू," मामा म्हणाले. "जागेला मधी भिंत घालता यील. शकुंतलाला खोली आन् धान्य, त्ये तुम्ही म्हणताय तसं. राहिलं नाव. नावाला भिंत घालता येत न्हाई."

"नाव थोरल्याचं," आण्णा म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "ह्ये बघा. जगजाहीर हाय."

"माझ्यातबी बघा मामा," तात्या म्हणाले आणि त्यांनीही काढला.

मामांनी चष्मा चढवला. दोन्ही फोन दोन हातांत धरून ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागले. मला शटरखालून निघून जावंसं वाटत होतं.

"ह्यात भान्या वर हाय," मामा आण्णांचा फोन उचलून म्हणाले. "ह्यात विलास्या वर हाय. पोरा, वेबसाइट एकच न्हवं?"

"एकच."

आण्णांनी मान वळवून तात्यांकडे पाहिलं. "तुझ्या फोनवर तू वर?"

"मग? तुझ्या फोनवर तू?"

इतक्या वर्षांनी ते एकमेकांशी थेट बोलले ते हे. मी होतं तसं सांगून टाकलं. ज्याचा फोन, त्याला तो वर दिसतो. आण्णा लाल झाले. तात्या म्हणाले, "म्हंजे आपल्याला येड्यात काढलं." आपल्याला, असं म्हणाले. मामांनी हात वर करून दोघांना गप्प बसवलं आणि आपला फोन माझ्या हातात दिला.

"ह्यात लाव. मी कुणाचाच न्हाई."

मी लावली. फेटे आले. लाल, भगवे, बांधणीचे, जरीचे. खाली ठसठशीत बटण. मामा बोटाने पान सरकवत खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले.

"ह्यात तुम्ही दोघंबी न्हाई."

"नेट स्लो असंल," तात्या बारीक आवाजात म्हणाले.

मामांनी बटण दाबलं. पिशवीतला फोन वाजला. काकींचा हात सवयीने खुंटीकडे गेला आणि फोन कानाला लागलासुद्धा.

"नमस्कार, ढवळे फेटेवाले. कोण बोलतंय?"

म्हणाल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. मामा समोरच बसले होते, फोन कानाला लावून. काकींनी फोन ठेवून द्यायला हवा होता, आणि एरवी त्यांनी तो ठेवलाही असता. पण त्यांनी पदर सारखा केला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि फोन तसाच धरून ठेवला.

"लोणंदवरनं बोलतोय," मामा म्हणाले.

"बोला. कवाचं लग्न?"

"लग्न न्हाई, वाटणी हाय. जरा मालकाला द्या."

"मालक फोनवर येत न्हाईत," काकी म्हणाल्या. "काय आसंल त्ये मलाच सांगा."

आण्णा उठू लागले. मामांनी त्यांच्याकडे न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सगळं तुम्हीच बघता काय?"

"व्हय. फोन मी घेते. गिऱ्हाईक मी जोडते. कुणाला कुठला फेटा, कवा, कुठं, समदं मीच ठरवते आन् ह्यांना सांगते. ह्या हंगामात ह्यांनी ठरवलेलं एक बी लग्न न्हाई."

"भान्या," मामा फोन कानाला तसाच ठेवून म्हणाले, "फुडच्या हंगामातलं पहिलं लग्न कुणाकडचं घेतलंय?"

आण्णांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी शटरकडे पाहिलं. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कोळकीच्या शिंगट्यांचं," काकी फोनवर म्हणाल्या. "पोरीचं. मोतिया रंग सांगितलाय."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "मग तुम्हाला काय पायजे, बाई?"

आता काकींचा आवाज हलला. त्या भिंतीवरच्या माधवरावांच्या फोटोखालीच बसल्या होत्या. "मला खोली नको," त्या म्हणाल्या. "धान्य नको. मला हितं बसायचंय. मी दुकानातलं मानूस हाय, स्वयपाकघरातलं न्हाई. एवढंच सांगायचं हुतं. समोरासमोर सांगता येत नव्हतं."

मामा त्याच फोनवर, चार हातांवर बसलेल्या बाईला सावकाश सांगू लागले. "ध्यानात घ्या. भिंत घालायची न्हाई. दुकान, नाव आन् हा नंबर तुमच्याकडं. ह्ये दोघं बांधणारे. तुम्ही सांगाल त्या लग्नाला जातील. जे येईल त्यात तिघांचा सारखा वाटा. मंजूर?"

"दोघांना इचारा."

"त्यांना काय इचारायचं? ज्याला मंजूर न्हाई, त्यानं उद्यापास्नं फोन घ्यावा. भान्या, घेतोस?"

आण्णा म्हणाले, "मी? हॅलो म्हणू?"

"विलास्या?"

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. फोन घेण्याइतके आपण खाली आलो नाही, हे दोघांच्याही चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि तेवढ्यावर दुकान काकींचं झालं.

"मंजूर हाय," मामा फोनवर म्हणाले आणि त्यांनी तो खिशात घातला.

तात्यांनी हळूच विचारलं, "आन् आमचं फोटू?"

"तुमच्या तुमच्या फोनवर हायेत की," मामा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तितंच."

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मामा गेले. दुकान पेठेतून हलून मोठ्या रस्त्यावर आलं आणि पाटीवर बंधू हा शब्द आहे तसाच आहे, काकींनी तो काढला नाही. दोघे भाऊ आता एकमेकांशी भरपूर बोलतात, बहुतेक काकींच्या तक्रारी. नवा फोन घेतला की आधी माझ्याकडे येतात, वेगवेगळे, आणि काउंटरवर फोन ठेवून म्हणतात, "ती खूण तेवढी घालून दे." मी घालून देतो. दोघांना एकमेकांचं माहीत आहे, तरी देतो.

परवा कामासाठी दुकानात गेलो होतो. काकींनीही नवा फोन घेतला होता. मी गमतीने म्हटलं, "काकी, आता मालकीण तुम्ही. आणा, तुमच्या फोनवर तुमचा फोटो वर लावून देतो."

"मला कशाला दाखवतोस मी?" काकी म्हणाल्या. "सरक तिकडं, गिऱ्हाईक उभं हाय."